ब्रेनवॉश करायचं तंत्र शास्त्रज्ञांना खरंच सापडलं होतं का?

तुमचा प्रश्न असा: विट्याचा मावसभाऊ चेन मार्केटिंगच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि भलताच होऊन परतला, अमेरिकेने शोधलेलं ब्रेनवॉशचं तंत्र हे लोक वापरतात का?

तसलं तंत्र अमेरिकेलाही सापडलं नाही, आणि शोधताना त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. कोरियन युद्धानंतर चिन्यांच्या कैदेतल्या 21 अमेरिकन युद्धकैद्यांनी घरी जायला नकार दिला. चिन्यांकडे काहीतरी जादू आहे, अशी तिकडे हाकाटी झाली. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने 1953 मध्ये मनावर ताबा मिळवण्याचा ‘एमके-अल्ट्रा’ हा गुप्त प्रकल्प सुरू केला, लोकांना न सांगता एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य पाजलं. 1973 मध्ये बहुतेक कागदपत्रं नष्ट केली. माणसं मोडली, पण हवी तशी घडवता आली नाहीत. गंमत म्हणजे हिंकल आणि वुल्फ या डॉक्टरांनी 1956 मध्येच सांगून टाकलं होतं की चिन्यांच्या पद्धतीत गुप्त असं काही नाही: एकांत, जागरण, थकवा आणि सततची चौकशी. जुनाच पोलिसी खाक्या.

तुमच्या कामाचा प्रयोग मात्र मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी विद्यार्थ्यांना रोज 20 डॉलर दिले, काम काय तर पडून राहायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांत मोजे, त्यावर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांत एकसुरी घरघर. बरेचसे दोन-तीन दिवसांतच उठले. त्यांना भुताखेतांच्या, टेलिपथीच्या रेकॉर्डही ऐकवल्या होत्या. खोलीबाहेर त्याच रेकॉर्ड ऐकणाऱ्यांपेक्षा या पोरांवर त्यांचा परिणाम जास्त झाला. काहींनी नंतर लायब्ररीतून तसली पुस्तकं आणली, काहींना भुताची भीती वाटू लागली. तीही शिकलेली पोरं! मी दाभोलकरांच्या साताऱ्याचा, हे वाचून आधी हसलो, मग जरा टरकलोच.

म्हणून भावाला एवढंच विचारा: झोप किती मिळाली, मोबाईल कोणाकडे होता, एकट्याने बाहेर चक्कर मारता येत होती का? कंपनीवर वाद घालू नका, तो आणखी हट्टाला पेटेल. चार दिवस घरचं जेवू दे, झोपू दे, मित्रांत बसू दे. मग पैशांचा विषय काढा. नुसती माणसं जोडून कमिशन मिळणार असेल तर 1978 च्या कायद्याने अशा योजनांवर बंदी आहे. पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा आणि सांगलीला पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन या. आणि हो, एसटी स्टँडवर पत्रकं वाटणाऱ्या वशीकरणवाल्या बाबाकडे त्याला ‘उतरवायला’ नेऊ नका. तिथे आणखी पैसे जातील.