ऑपरेशनपूर्वीची तपासणी नर्स प्रॅक्टिशनरने केली तर चालेल का?

तुमच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे आणि आधीची तपासणी, विचारपूस डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनरने, म्हणजे जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या नर्सने केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल काय, कित्येकदा जास्त बरं होईल. गोव्यात ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली १४ सर्जिकल वॉर्डात.

सत्तरीतले एक आजोबा हर्नियासाठी दाखल होते. यादीत पहिलं नाव, नऊची वेळ. राऊंडला तरुण सर्जननी हिंदीत विचारलं, "कुछ खाया?" आजोबांनी नाही म्हणून मान हलवली. केसपेपरवर 'एनबीएम', म्हणजे तोंडाने काही घेतलेलं नाही, असं लिहून झालं. मी पार्ट प्रिपरेशन, म्हणजे ऑपरेशनच्या जागेची तयारी, बघून त्यांची कवळी काढून घेतली, तर तिला भाताचं शीत चिकटलेलं! कोकणीत विचारलं, "पेज घेतली?"

"हय गो बाय, मातशी." म्हणजे हो गं बाई, थोडीशी.

सुनेने पहाटे थर्मासातून आणली होती, उकड्या तांदळाची. आजोबा खोटं बोलले नव्हते. पेज पोटात गेली म्हणजे 'खाल्लं' असं आमच्या गावातलं म्हातारं माणूस मानतच नाही. पण शिताची पेज म्हणजे अन्नच, त्याला सहा तास हवेत. भूल दिल्यावर ती उलटून फुप्फुसात गेली असती तर माणूस हाती लागला नसता. मी भूलतज्ज्ञांना फोन केला, ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. सर्जन भरल्या वॉर्डात मला म्हणाले, "सिस्टर, विचारपूस तुमचं काम नाही. माझी सगळी यादी विस्कटली." दुसऱ्या दिवशी मला मेमो.

अमेरिकेत १९६५ साली कोलोराडोत लॉरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं. आज तिकडे ऑपरेशनपूर्व क्लिनिकमध्ये त्या पेशंटला तपासतात, चाचण्या सांगतात, कुठली गोळी घ्यायची नि कुठली थांबवायची ते बघतात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २ वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे तो क्रिटिकल केअरचा, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या पेशंटचा. म्हणजे तुमच्या आईला बहुतेक भूलतज्ज्ञ आणि वॉर्डातली सिस्टरच बघणार. पदवी कुठलीही असो, तिला पेशंटची भाषा यायला हवी आणि 'आज ऑपरेशन नको' म्हणायचा अधिकार हवा. दुसरी गोष्ट आम्हाला कधीच मिळाली नाही.

आणि विचारपूस आमचं काम नाही म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची चेकलिस्ट काढली, तिच्यात भूल देण्याआधीचे प्रश्न नर्सच्या समोर, तोंडाने विचारायचे आहेत. मेमोला मी एका ओळीचं उत्तर दिलं होतं: पेशंटने पहाटे पेज घेतली होती. आज विचारलं तरी तेच लिहीन.

आईच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट घेऊन जा, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच धरा. मधुमेह असेल तर हिशेब बदलतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. आजच फोन करून विचारा, कारण काही गोळ्या पाच दिवस आधी थांबवाव्या लागतात.