फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत स्वीपर म्हणून, म्हणजे बर्फ साफ ठेवायला, पहिल्यांदाच बर्फावर उतरणार आहेस ना?

पहिल्या स्पर्धेत तुला बहुतेक प्रेक्षकांनी फेकलेली फुलं आणि टेडी उचलायचं काम मिळेल. ते हलकं समजू नकोस. जपानचा ऑलिंपिक विजेता स्केटर युझुरू हान्यूचा परफॉर्मन्स संपला की बर्फावर विनी द पू या कार्टून अस्वलाच्या खेळण्यांचा पाऊस पडायचा. तुमच्याकडे एवढा पसारा नसेल, पण पुढच्या स्केटरला नाव पुकारल्यावर पोझ घ्यायला 30 सेकंदच मिळतात. तोवर बर्फ मोकळा हवा.

मोठी खेळणी कुणालाही दिसतात, तू खाली बघत जा. सुटी पाकळी, ड्रेसवरून गळलेला मणी, केसातली पिन. पिनेवर ब्लेड गेलं तर पोरगी जोरात आपटते. जाड हातमोज्यात पिन चिमटीत येत नाही, म्हणून पातळ हातमोजे घाल.

'किस अँड क्राय'मध्ये, म्हणजे स्केटर गुणांची वाट बघत बसतात त्या जागी, टेडी ठेव आणि लगेच बाजूला हो. तिथली स्केटर रडत असेल तर तिच्याकडे टक लावून बघू नकोस, एवढं माझं ऐकच.

रिसर्फेसिंगच्या (मशीनने बर्फ पुन्हा गुळगुळीत करण्याच्या) आधी खड्डे बुजवायला बोलावलं तर आनंदाने जा. टो-पिकने (ब्लेडच्या पुढच्या टोकाच्या दात्यांनी) पडलेल्या खड्ड्यात ओला बर्फ दाबून भरायचा आणि सपाट करायचा. माझं सर्वांत आवडतं काम हेच! आतून थर्मल घाल, रिंकच्या कडेला तासन्‌तास बसून फार गारठायला होतं.