आयर्लंडच्या खेड्यांत मूल नातेवाइकांकडे वाढवायला ठेवायची पद्धत होती का?

होती, आणि फार जुनी. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या आयरिश कायद्यांत याचे दोन प्रकार सापडतात: मोबदला घेऊन सांभाळणं आणि निव्वळ मायेपोटी सांभाळणं. बरेचदा मूल आजोळच्या माणसांकडे जाई. मला सगळ्यात भिडतं ते भाषेत घडलेलं: आई-बाबांना लाडाने मारायच्या हाका त्या जुन्या भाषेत सांभाळणाऱ्या जोडप्यासाठीच रूढ झाल्या! जिथे माया, तिथे हाक.

पुढे विसाव्या शतकातही लेकुरवाळ्या शेतकरी घरातलं एखादं मूल मूलबाळ नसलेल्या मावशीकडे किंवा काकांकडे राही. गर्भनिरोधकांना १९७९च्या कायद्याने वाट दिली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्याआधी घरात मुलं भरपूर, आईला उसंत नाही. अशा दुर्लक्षित पोराला मावशीने शांतपणे केस विंचरून देणं केवढं वाटत असेल!