यात्रेच्या वर्षात घराचं काम काढलंस तर

बेळगावकडच्या खानापूर भागात राहायचं आणि गावची लक्ष्मी यात्रा, म्हणजे गावदेवीची जत्रा, तोंडावर, तर आधी छपराकडे बघ. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस दम देत नाही. मृग लागायच्या आत, 7 जूनपूर्वी, कौलांची शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, उरकच. रंग भिंतीतली ओल पुरती वाळल्यावर.

म्हशीचा हिशेब मात्र नीट मांड. ती साधारण 310 दिवस गाभण असते, म्हणून रेड्याकडून भरवतानाच यात्रेचे दिवस बघ. घर पावण्यांनी भरलेलं आणि गोठ्यात म्हैस अडलेली, फार हाल होतात रे, मुक्या जिवाचे जास्त. घटसर्प-फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाआधी टोचून घे. गोठ्याला गुळगुळीत फरशी नको, जनावर घसरतं. खडबडीत दगडच बरा. आणि पावण्यांच्या सोयीसाठी गोठा रिकामा करून जनावरं उन्हात बांधू नकोस.