गाणं क्लासिक झालं म्हणून

प्रिय मित्रा,

कॉलेजात पाठ असलेलं गाणं 'सदाबहार क्लासिक'च्या यादीत दिसलं आणि एका क्षणात म्हातारा झालो, असं लिहिलंयस. आधी हसलो मी. मग म्हटलं, उत्तर नीट द्यावं.

ही पदवी पुष्कळदा नुसतं कॅलेंडर देतं. अमेरिकेत नामवंत गायक-वादकांना मान देणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेचा नियमच आहे: पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येऊन 25 वर्षं झाली की कलाकार निवडीला पात्र. म्हणजे 1999 साली, लोक नॅप्स्टरवरून फुकटात गाणी उतरवत होते तेव्हा पहिली सीडी काढणारं पोरगंही आता ज्येष्ठांच्या रांगेत!

तुला टोचतंय ते मात्र वेगळंच असावं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर सगळ्यात दाट राहतात, हे मानसशास्त्रात चांगलं रुळलेलं निरीक्षण आहे. त्या वयातल्या गाण्याला परीक्षा, भांडणं, कुणाची तरी पाहिलेली वाट, सगळं चिकटलेलं असतं. आज विशीतली मुलं तेच गाणं ऐकतात तेव्हा त्यांना यातलं काही ऐकू येत नाही. चाल ऐकू येते, आणि ती आवडतेही. खरी जळफळाट तिथे होते.

तेव्हा त्यांची तोंडी परीक्षा घेऊ नकोस. गिटार कुणी वाजवली, अल्बम कुठल्या साली आला, हे माहीत नसलं तरी गाणं त्यांचं होऊ शकतं. आणि 'आमच्या वेळची गाणी' सुरू करण्याआधी त्या काळातल्या एखाद्या वर्षाची लोकप्रिय गाण्यांची अख्खी यादी काढून बघ. टुकार गाणी आपण सोयीस्कर विसरलोय. उरलेल्या निवडक गाण्यांची तुलना आजच्या न निवडलेल्या ढिगाशी करणं म्हणजे लबाडी.

हां, एक गोष्ट वयाची खरीच आहे. कान उंच, बारीक आवाज आधी सोडतो. जुन्या गाण्यातली सिंबल्सची, म्हणजे ड्रमसोबतच्या धातूच्या थाळ्यांची किणकिण पूर्वीसारखी वाटली नाही, तर हेडफोनचा आवाज वाढवत बसू नकोस. त्याने कान उलट लवकर जातो.

आता माझं एक काम कर. त्या मुलांकडून त्यांचं आवडतं एखादं गाणं माग आणि मला पाठव. तीनदा ऐकल्याशिवाय नावं ठेवणार नाही. चौथ्यांदा कदाचित ठेवीन.