ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर जमीन घेऊन कायमचं राहता येतं का?

नाही घेता येत. एक गुंठा पण नाही. तुम्ही विचारलंय की तिथे जमीन काय भावाने मिळते, घर बांधून कायमचं राहता येतं का, आणि तिथले लोक जगतात तरी कसे. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच संपलं, तिसऱ्यासाठी थोडं बसा.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा आला. मी नागपुरात दस्त लिहितो. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून बावीस वर्षं झाली, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे म्हणाल ते. आणि नाद पोस्टाच्या तिकिटांचा. या बेटाचं नाव मला तिकिटावरूनच कळलं, त्यावर लॉबस्टर होता, म्हटलं हे कोणतं गाव जे तिकिटावर राजाराणी सोडून जेवण छापते. तेव्हापासून जे मिळेल ते वाचून राहिलो.

तर हे बेट दक्षिण अटलांटिकमध्ये, ब्रिटिशांच्या ताब्यात. सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, ते पण 2,400 किलोमीटरच्या वर. विमानतळ नाही, केपटाऊनहून बोटीनं साधारण आठवडा, आणि वर्षात बोटी मोजून दहाच्या आत. गाव एकच, कागदावर नाव लांबलचक, एडिनबर्ग ऑफ द सेव्हन सीज, पण तिथले लोक नुसतं सेटलमेंट म्हणतात. माणसं अडीचशेपेक्षा कमी, आडनावं दहाच्या आत, ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हॅगन, त्यात दोन इटालियन, रेपेट्टो आणि लावारेल्लो, कारण 1892 मध्ये एक इटालियन जहाज तिथे फुटलं आणि दोन खलाशी परत गेलेच नाहीत.

आता जमिनीचं. 1816 मध्ये इंग्रजांनी तिथे फौज ठेवली, नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता नं, म्हणून. पुढच्या वर्षी फौज काढून घेतली, पण विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायकापोरांसकट मागे राहिला, सोबत आणखी दोन गडी. या तिघांनी 7 नोव्हेंबर 1817 ला एक करारनामा लिहिला: जनावरं, सामानसुमान सगळं तिघांचं सारखं, काम सारखं, नफा सारखा, आणि कोणी कोणाच्या वरचढ नाही. मी आयुष्यभर भागीदारीपत्रं लिहिली, पण एवढ्या कमी ओळीत एवढं बांधलेलं दुसरं पाहिलं नाही. आमच्याकडे हेच लिहायला सहा पानं लागतात आणि तरी तिसऱ्या वर्षी दोघं कोर्टात.

त्याच वळणावर गाव आजही चालते. जमीन सगळ्या गावाची मिळून, बाहेरच्याला विकत घ्यायची नाही न् वस्ती करायची नाही. जनावरं किती ठेवायची यालाही मर्यादा, कारण चराई थोडी आणि दुसरं म्हणजे एकाच घराकडे कळप जमू नये. घर मात्र ज्याचं त्याचं. जुनी घरं ज्वालामुखीच्याच मऊ दगडाची, वर फ्लॅक्स नावाच्या लांब पातीचं छप्पर, आता बहुतेक पत्रे आले.

आणि वावर! गावाच्या पश्चिमेला साधारण पाच किलोमीटरवर बटाट्याची वावरं आहेत, पॅचेस म्हणतात. छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाभोवती काळ्या दगडाची रचलेली भिंत, वारा एवढा की भिंत नसली तर पीक झोपते. खत म्हणून समुद्रातलं शेवाळ टाकत, मेंढीची लोकर सुद्धा. तिथेच लहान झोपड्या बांधून ठेवल्यात, सुटीत कुटुंबं जाऊन राहतात, म्हणजे घरापासून पाच किलोमीटरवर सहल. आमच्या मोठ्या बाबांचं काटोलकडे वावर आहे, शेजाऱ्यासोबत धुऱ्यावरून दीड फुटाची केस अकरा वर्षं चालली, धुरा एवढा कोरला की शेवटी बैल उभा राहीना. म्हणून त्या दगडी भिंतींचा फोटो मी जरा जास्तच वेळ पाहिला असेल. त्या गावात बटाट्याची किंमत काय होती म्हणाल तर 1946 मध्ये तिकिटासारखं एक लेबल छापलं होतं, त्यावर किंमत 1 पेनी आणि 4 बटाटे. ते माझ्याकडे नाही, परवडणारही नाही.

पैसा येते लॉबस्टरमधून. मासेमारीचा दिवस आहे की नाही ते सकाळी समुद्र पाहून ठरवतात, आणि असेल तर गावात टांगलेलं गॅसचं रिकामं सिलेंडर ठोकतात. त्याला डाँग म्हणतात. तो वाजला की ऑफिसातला, वर्कशॉपमधला, ज्याचं बोटीवर काम आहे तो सगळं टाकून बंदरावर. कारखान्यात साफ करून, गोठवून माल बाहेर जाते.

1961 चं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. ऑगस्टपासून धरणी हालत होती, ऑक्टोबरमध्ये थेट वस्तीच्या बाजूला जमीन फाटली. 10 तारखेला सगळं गाव बोटीनं काढलं, केपटाऊन, मग इंग्लंड, साउथॅम्प्टनजवळ काल्शॉटला जुन्या फौजी घरांत. लाव्हानं लॉबस्टरचा कारखाना आणि बोटी लावायचा किनारा गिळला, घरं मात्र बहुतेक वाचली. इंग्लंडमध्ये नोकऱ्या मिळाल्या, टीव्ही, सिनेमा, दुकानं. सरकारला वाटलं आता कोण जाते परत. 1962 च्या शेवटी मतदान घेतलं: परत जायचं 148, राहायचं 5. त्याच्याआधीच थोडे गडी पुढे गेले होते, घरं नीट करायला आणि बटाटे लावायला, बाकीचे 1963 मध्ये गेले. नंतर बांधलेल्या बंदराला नाव दिलं काल्शॉट, म्हणजे निर्वासित म्हणून जिथे दिवस काढले त्याचंच.

एकदा काम नव्हतं, पाऊस होता, तेव्हा गंमत म्हणून तिथल्या एका घराचा दस्त लिहायला घेतला. चतुःसीमा भराभर लिहून झाल्या. पूर्वेस 1961 चा लाव्हा, पश्चिमेस बटाट्याच्या वावरांकडे जाणारा रस्ता, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस डोंगर, उंची 2,062 मीटर. पुढे सर्व्हे नंबर लिहायचा तर अडलो, मग त्याच कागदात भजी गुंडाळून आणली.

(तो डोंगर अजून जिवंत आहे बरं का. आपली सिताबर्डीची टेकडी पण लाव्हाचीच, पण ती थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, म्हणून आपण तिच्या पायथ्याशी दुकानांचा एवढा भाव लावू शकतो.)

पाहायला जायचं असेल तर जाता येते. आधी तिथल्या आयलंड कौन्सिलची परवानगी लागते, परतीच्या बोटीची सोय, राहायची सोय आणि मेडिकल इन्शुरन्स दाखवावा लागते. सुट्या भरपूर घेऊन जा, कारण समुद्रानं उतरू दिलं नाही तर बोट गावासमोर दिवसदिवस उभी राहते, आणि कधी कधी न उतरताच परत फिरते. आणि गेलातच तर तिथल्या पोस्टातून माझ्या नावानं एक पाकीट टाका, पत्ता मेसेजमध्ये देतो, तिकीट लॉबस्टरचं पाहिजे आणि शिक्का कोपऱ्यावर नीट मारायला सांगा, आपल्यासारखा फासलेला नको.