ॲक्सलचा नट: सोडताना आणि आवळताना

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): जुन्या व्हॅनच्या मागच्या चाकाचा मधला नट काही केल्या हलून नाही राहिला. गाडी जॅकवर घेऊन पाईपने जोर देऊ का?

उत्तर: जॅकवर अजिबात नको. पाईपवरचा जोर गाडीला ढकलतो आणि जॅक कलंडतो. काळ्या मातीत तर तो आधीच रुतलेला असतो. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. मधली टोपी काढून आधी नटाचं कुलूप सोडवा: स्प्लिट पिन असेल तर सरळ करून ओढा, नटाची कड खाचेत ठोकलेली असेल तर बारीक छिन्नीने उचला. ती तशीच ठेवून जोर लावला की ॲक्सलचे आटे जातात. तारेच्या ब्रशने आटे घासा, गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्या. गोटी (नटावर बसणारा सॉकेट पाना) सहा पैलूंची, पाऊण इंची दांड्याची घ्या; बारा पैलूंची गोटी नटाचे कोपरे खाते. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तेही पाहून घ्या. पाईपवर उभं राहून उड्या मारू नका, गोटी निसटली की माणूस पडतो. गॅसने तापवलं तर सील आणि ग्रीस जळतं. नट पाव फेरा सैल झाला की थांबा; पुढचं काम गाडी उचलून, स्टँडवर टेकवूनच.

प्रश्न (मेहकर, जि. बुलडाणा): टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नाही. मिस्त्री अंदाजाने आवळतो, चालेल?

उत्तर: नाही. इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या ॲक्सलचा हा नट बऱ्याच गाड्यांत 200 ते 350 न्यूटन-मीटर मागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. घरात कापूस मोजायचा लटकता ताणकाटा असेलच. नटाच्या मध्यापासून बरोबर 1 मीटरवर पाईपला तो अडकवा आणि काटकोनात ओढा: 25 किलो म्हणजे 245 न्यूटन-मीटर. पाईप उभा धरून काटा आडवा ओढा, म्हणजे पाईपचं वजन हिशोबात येत नाही. शेवटचं आवळणं चाक जमिनीवर असताना. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे कधीच घेऊ नका. सैल राहिला तर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) आतले दाते झिजतात. रिव्हर्स घेताना 'टक्' आवाज येऊ लागतो.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): पुढचा नटही तसाच आवळला. आता चाक जड फिरतं, हब तापतो.

उत्तर: मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या व्हॅनला पुढे टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरचं) असेल, तर तो नट फक्त बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, ठरवतो. चाक फिरवत साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर आवळा, पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी टेकवा. इथे नियम उलटा: भोक जुळेना तर नट सैल करून जुळवा. तुम्ही जोराने आवळून गाडी चालवली असेल तर हब उघडा. रोलर निळे पडले असतील किंवा त्यांवर खवले असतील तर आतली-बाहेरची कडी दोन्ही बदला.

प्रश्न (हिंगणघाट): जुना नट, जुनी पिन परत लावता येते का?

उत्तर: पिन नेहमी नवी. कड ठोकलेला नटही नवाच. पिनेच्या जागी तार किंवा खिळा घालू नका.